चौदा स्वरांची तान

आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये गाण्याखेरीज बरंच काही शिकवलं जायचं. मांडी घालून बसल्यावर परकर गुडघ्यांवरून कसा घ्यायचा, तंबोऱ्याला चुकून पाय लागला तर नमस्कार एकदा करायचा की तीनदा, परीक्षकांसमोर डोळे कधी मिटायचे आणि कधी उघडायचे. गाणं वहीत होतं. वही बाईंच्या मांडीवर असायची आणि ती उतरून घेणं हे आमचं शिक्षण.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, बाईंचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता. बाहेरच्या खोलीत सतरंजी आणि क्लास, आतल्या खोलीत कुकर. पाच ते सात अशी वेळ. बाई एका कानाने आमच्या मात्रा मोजायच्या आणि दुसऱ्या कानाने शिट्ट्या. शिट्ट्यांमध्ये त्या कधीच चुकल्या नाहीत.

मला तिथे घातलं ते मी बोलत नसे म्हणून. पाहुणे आले की मी पाण्याचा ट्रे टेबलावर ठेवून आत पळायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे सगळे इंग्रजीत बोलायचे म्हणून मी गप्प असायचे, आणि घरी सगळे मराठीत बोलायचे म्हणूनही. आईला दोन काळज्या होत्या, मुलगी मुखदुर्बळ निघाली आणि मुलीला मराठीचं काही येणार नाही. गाण्याच्या क्लासने दोन्ही मिटतील असं शेजारच्या काकूंनी तिला पटवलं. मी नववीत होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझी वही पाहिली. शाळेतली गणिताची चौकोनी वही होती, आणि मी स्वर इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, एका चौकोनात एक. एस, आर, जी, एम.

"हे काय गं? सरगम आहे की एबीसीडी?" बाई म्हणाल्या. मग बाकीच्यांना वही दाखवून, "या बघा आमच्या कॉन्व्हेंटबाई."

सगळ्या हसल्या. तेव्हापासून क्लासमध्ये माझं नाव कॉन्व्हेंट. वही मी बदलली नाही. हट्ट म्हणून नव्हे, दुसरी मागायची तर घरी बोलावं लागलं असतं.

रोजचा पहिला पाऊण तास पलट्यांचा. पलटा म्हणजे तीन-चार स्वरांचा एक तुकडा. तो एकेक पायरी वर चढवत न्यायचा, वर पोचलं की तसाच उतरवत आणायचा. सारेग, रेगम, गमप. गळा तयार होण्यासाठी याहून चांगला उपाय नाही असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही असेल. पण आमच्या क्लासमध्ये पलट्यांना नंबर होते. एकूण चाळीस. बाई आतून कांदा चिरत ओरडायच्या, "सतरा घ्या." की दहा मुली सतरा नंबर सुरू करायच्या, दहा निरनिराळ्या चेहऱ्यांनी आणि एकाच मेलेल्या आवाजात. कोणी खिडकीबाहेर बघतंय, कोणी नखं. सतरा संपला की पुढचा नंबर येईपर्यंत शांतता. दोन पलट्यांच्या मधल्या त्या शांततेत आतल्या फोडणीचा आवाज सुरात असायचा.

आमच्यात एक व्हायोलिनवाले काका होते. निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तेही आमच्याबरोबर पलटे वाजवायचे, कायम अर्धा श्वास मागे. मुलींचा पलटा संपला की व्हायोलिनचा शेवटचा स्वर एकटाच यायचा, सगळे गेल्यावर दार लावायला मागे राहिलेल्या माणसासारखा. तीन वर्षं त्यांना मी ऐकलं. तीन वर्षांत ते पुढे सरकले नाहीत, मागेही पडले नाहीत. याला ते साधना म्हणायचे.

पलट्यांनंतर ताना. तान ही गाणाऱ्याला त्या क्षणी सुचते अशी माझी आधी समजूत होती. आमच्याकडे ताना पाठ असत. दर रागाला आठ. पहिली साधी, शेवटची अवघड, आणि त्या त्याच क्रमाने यायच्या. एखादी मुलगी तिसरी तान विसरली तर चौथीवर जायची नाही, थांबायची, छताकडे बघायची. बाई ओठांनी तिसरीचे पहिले दोन स्वर सांगायच्या आणि गाडी पुढे निघायची. पाढे म्हणताना होतं तसंच.

त्या ताना बाईंच्या वहीत होत्या. वही जुनी, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची. बाईंनी लग्नाआधी त्यांच्या गुरूंकडे बसून उतरून घेतलेली. वहीला फक्त बाईच हात लावायच्या.

दुर्गा रागातली पाचवी तान मी उतरून घेतली तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. आठ मात्रांची तान, मात्रेला दोन स्वर, म्हणजे सोळा स्वर व्हायला हवेत. माझ्या वहीत एका ओळीत सोळा चौकोन आखलेले होते. बाईंनी तान सांगितली आणि माझे दोन चौकोन रिकामे राहिले.

मला वाटलं, माझंच चुकलं. शेजारणीच्या वहीत पाहिलं, तिथेही तेच. सारेमप, रेमपध, मप, धपमरे. पहिला तुकडा चार स्वरांचा, दुसरा एक पायरी वरून चार स्वरांचा, तिसरा आणखी एक पायरी वरून, आणि त्यात दोनच. तिसरी-चौथीतल्या मुलीलाही कळलं असतं की तिथे मपधसां हवं. वरचा सा यायला हवा, त्यासाठीच तर ती तान वर निघाली होती. उतरून घेताना बाईंची नजर कधी काळी एका 'ध'वरून दुसऱ्या 'ध'वर घसरली असणार. दोन स्वर गळले, आणि वीस वर्षं गळलेले राहिले.

सोळाऐवजी चौदा झाले की तान एक मात्रा आधी संपते. म्हणून सगळ्या मुली शेवटचा रे मात्राभर लांबवायच्या आणि मग मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, पकडायच्या. ऐकायला ते असं लागायचं: कोणीतरी जिना चढत निघालंय, गच्चीच्या शेवटच्या पायरीशी येतंय, आणि काहीतरी खाली विसरल्यासारखं परत फिरतंय. शिवाय खालच्या पायरीवर जरा रेंगाळतंय.

मी रिकाम्या चौकोनांभोवती पेन्सिलीने गोल केला आणि काही बोलले नाही. मला बोलायची गरजही वाटली नाही. उलट बरं वाटलं. दर गुरुवारी दहा मुली आणि एक व्हायोलिन त्या पायरीवरून परत फिरायचे आणि मी त्यांच्याबरोबर तीच तान घेत मनात म्हणायचे, या सगळ्यांना दहापर्यंतसुद्धा मोजता येत नाही. क्लासला जाण्यात मला तेवढीच मजा होती.

गुरुवार, कारण गुरुवारी तबलजी यायचे. ते मोहन्याच्या कारखान्यात होते, पहिली पाळी सुटली की सायकलने कल्याण आणि मग गाडी. त्यांना चूक ऐकू येत असणारच. दुर्गाची पाचवी तान आली की ते एकदा डग्ग्याकडे बघायचे आणि ठेका धरून ठेवायचे. एकदा बाई आत गेल्यावर मी धीर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी ठेका देतो, बाळ. ठेका बरोबर आहे ना?" ठेका बरोबर होता.

त्या वर्षी नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या एका मंडपात आमच्या क्लासला दुपारचा महिलांचा कार्यक्रम मिळाला. देवीसमोर दुर्गा गायचा, अशी कल्पना बाईंची. त्या कल्पनेवर त्या आठवडाभर खूश होत्या. आम्ही जांभळ्या साड्या नेसून गेलो. मुखवट्यासारखी पावडर. समोर ओटीसाठी रांग लागलेली, बायका नारळ सांभाळत आमच्याकडे बघायच्या आणि पुढे सरकायच्या. कर्ण्यातून आमचा आवाज बाहेर रस्त्यावर कुठेतरी जायचा आणि रिक्षांच्या हॉर्नमध्ये मिसळून परत यायचा.

पहिल्या रांगेत खुर्चीवर एक जाणकार बसले होते. शाल, तपकीर, मांडीवर पंजा. प्रत्येक मंडपाकडे असा एक असतो, तो कुठून येतो कोणास ठाऊक. पाचवी तान आली. दहा जणी चढल्या, शेवटच्या पायरीवरून परत फिरल्या, रे वर रेंगाळल्या. गृहस्थांनी डोळे मिटले, हात वर गेला.

"वा," ते म्हणाले. "काय जागा आहे."

कार्यक्रमानंतर ते बाईंना म्हणाले, "तार सा दाखवायचा आणि द्यायचा नाही. अपेक्षाभंग. हे हल्ली कोण करतं?"

बाई लाजल्या. "आमच्या गुरुजींची देन," म्हणाल्या.

झालं. पुढच्या गुरुवारपासून ती चूक राहिली नाही, जागा झाली. बाई नवीन मुलींना तान सांगताना तिथे थांबायच्या, तर्जनी वर करायच्या. "ही आपल्याकडची जागा. दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये मिळणार नाही." ते तर खरंच होतं. व्हायोलिनवाल्या काकांनी त्या जागेसाठी गजाचा एक खास झटका शोधून काढला आणि ते तो आल्यागेल्याला दाखवू लागले.

आता आमच्यातल्या एकीविषयी सांगायला हवं, कारण या सगळ्याची झळ बसली ती तिला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई म्हणायचे. बाकीच्या तिच्या माघारी 'खाडीवरची' म्हणायच्या. डोंबिवली पश्चिमेला खाडीलगत कोळ्यांची जुनी वस्ती आहे, तिथे तिचं घर. आई मासळी बाजारात बसायची. मावशी धवलारीण, म्हणजे लग्नाच्या विधींना गाणी म्हणणारी. त्यांच्यात भटजीच्या बरोबरीने धवलारीण लागते. लहानपणापासून ही मावशीच्या मागे बसून तीच गाणी म्हणायची, तासन्‌तास, वहीशिवाय.

तिचा आवाज लागला की आमचे आवाज कळायचेच नाहीत. बाईंना ते सोसत नसे आणि सोडवतही नसे, कारण क्लासचं नाव होण्यासारखं तेवढंच होतं. "गळा आहे, पण ओरडायची सवय आहे," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. "लग्नातलं गाणं डोक्यातून काढ आधी." तिने आत पाणी मागितलं तर त्या स्टीलचा वेगळा पेला द्यायच्या, आणि वर सांगायच्या, "तसं काही नाही हं, सगळ्यांनाच देते." आम्हाला कोणालाच देत नव्हत्या.

ती सगळं ऐकून घ्यायची. माझ्या शेजारी बसायची, कारण माझ्या शेजारी जागा असायची. आम्ही दोघी फारसं बोलत नसू. मला वाटायचं, ही इतर मुलींसारखीच आहे, जरा बरी गाते एवढंच. चूक हिलाही कळत नाही.

मी बारावीला होते त्या वर्षी माझ्या जुन्या शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघाली. मला ते धाकट्या भावाकडून कळलं, तो त्याच शाळेत होता. मी ताईला सांगितलं. तीन वर्षांत मी आपणहून तिला सांगितलेली ती पहिलीच गोष्ट असेल. ती शाळेत जाऊन आली. प्रिन्सिपॉल बाईंनी तिचं गाणं ऐकलंच नाही. विशारद आहे का, एवढं विचारलं. एप्रिलमध्ये परीक्षा आहे म्हणाली. निकाल आणा, जूनपर्यंत जागा ठेवते, असं उत्तर मिळालं.

"झालं तर पर्मनंट आहे," तिने मला जिन्यात सांगितलं. "घरी स्थळं बघतायत. आये म्हणते, नोकरी लागली तर थांबते. नाहीतर ह्या वर्षी उरकणार."

तिने हे काही रडून सांगितलं नाही. चपलेचा पट्टा लावता लावता सांगितलं.

परीक्षा कल्याणला, एका शाळेच्या वर्गात. बाकं मागे सरकवलेली, फळ्यावर अर्धं गणित. परीक्षक बाहेरगावचे, बारीक, चहाचा थर्मास जवळ ठेवलेला. ताई गायला बसली. पेटीवर बाई, तबल्यावर मोहन्याचे तबलजी, तंबोऱ्यावर मी. कोणी एकटं गायला बसलं की मला तंबोऱ्यावर बसवत, मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, माझ्यासाठीच केल्यासारखं काम.

तिने मोठा राग चांगला गायला. परीक्षकांनी थर्मासचं झाकण लावून बाजूला ठेवलं आणि ऐकू लागले, म्हणजे खरंच चांगला गायला असणार. मग त्यांनी मागच्या वर्षांचे राग विचारायला सुरुवात केली. विशारदला तसं विचारतात. "दुर्गा घ्या जरा. ताना ऐकवा."

मला कळलं. तंबोऱ्यावर माझी बोटं चालू होती, आणि एक ते पाच मोजणं मला थांबवता येईना.

पहिली झाली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी. ती चढली. पेटीवर बाईंची बोटं तिच्याबरोबर चढली. शेवटच्या पायरीवरून दोघी परत फिरल्या. रे लांबला, मुखडा आला.

परीक्षकांनी मान वर केली. "हीच तान चौपटीत घ्या."

चौपटीत, म्हणजे मात्रेला चार स्वर घेऊन, ती तान आम्ही कधीच केली नव्हती. सोळा स्वर चार मात्रांत बसतात. चौदा बसत नाहीत, अर्धी मात्रा उरते, आणि अर्धी मात्रा लांबवायची कशी ते वहीत नव्हतं. तिने घेतली. तान अर्धी मात्रा आधी संपली, मुखडा तबल्याच्या अलीकडेच पडला. तबलजींनी सावरायला बघितलं. परीक्षकांनी हात वर केला.

"थांबा. हातावर ताल द्या आणि स्वर म्हणून दाखवा."

तिने ताल दिला. "सारेमप, रेमपध, मप, धपमरे."

"मप, आणि पुढे?"

"धपमरे."

"मग मधला धसां कुठे गेला?"

बाईंनी पेटीचा भाता सोडला. परीक्षकांना 'ही आमच्याकडची जागा' सांगायची ती वेळ होती. बाई खाली भात्याकडे बघत राहिल्या. मी तंबोरा छेडत राहिले. चार तारा, पुन्हा चार तारा. एक वाक्य होतं, ते मला दोन वर्षं पाठ होतं. सर, वहीत उतरून घेताना दोन स्वर राहिलेत, हिची चूक नाही. मराठीत येत होतं, इंग्रजीत येत होतं.

"असंच शिकवलंय का तुम्हाला?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर," ताई म्हणाली. "माझीच पाठ करण्यात चूक झाली."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "विशारदला बसता आणि सोळा मोजता येत नाहीत," ते कागदाकडे बघत म्हणाले. मग थर्मासचं झाकण उघडलं.

त्यानंतर त्यांनी आणखी दोन राग विचारले, पण ऐकले नाहीत.

बाहेर पॅसेजमध्ये बाई तबलजींना म्हणाल्या, आम्हाला ऐकू जाईल इतपत, "मी वहीत सगळं नीट दिलंय हो. पाठ करताना लक्ष नको का?" तबलजी तबल्याच्या पिशवीची नाडी बांधत होते. ती त्यांनी दोनदा बांधली.

बाई रिक्षाने गेल्या. आम्ही दोघी स्टेशनकडे चालत निघालो. वाटेत रसवंती होती, ताई तिथे बसली म्हणून मीही बसले. चरकाचे घुंगरू वाजत होते. मग रसाचा पेला हातात घेऊन तिने विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"काय?"

"उगाच विचारू नको. तुझ्या त्या गणिताच्या वहीत दोन चौकोन रिकामे आहेत, गोल केलेयस त्यांना. तू आत गेलेलीस तेव्हा मी बघितलेलं. दोन वर्षं झाली."

मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मला कान आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर काय झालं असतं? आता खाडीवरची मला शिकवणार, बाई म्हणाल्या असत्या. दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद. तू बोलली असतीस तर म्हणाल्या असत्या, बघा, कॉन्व्हेंटची पोरगी किती हुशार." तिने रस संपवला. "मी वाट बघत होते. म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल. तू नुसती हसायचीस मनातल्या मनात. दिसतं ते, तुला वाटतं दिसत नाही."

मी म्हटलं, "आज तरी बरोबर म्हणायची होतीस."

"पेटीवर कोण होतं?" ती म्हणाली.

निकाल जूनच्या सुरुवातीला लागला. प्रात्यक्षिकात ती नापास. शाळेने जागा एका कीबोर्डवाल्या गृहस्थांना दिली. ते प्रार्थनेच्या आधी डिस्कोचा ठेका लावायचे आणि पालकांना ते फार आवडायचं, हे धाकट्या भावाने घरी येऊन सांगितलं. ताई क्लासला यायची थांबली. बाईंनी एका गुरुवारी तिची सतरंजीवरची जागा पुसल्यासारखा हात फिरवून दुसऱ्या मुलीला तिथे बसवलं. "त्यांच्यात टिकत नाहीत गं," म्हणाल्या. मी त्याही दिवशी तंबोऱ्यावर होते.

एकदा मी तिच्या घरी गेले. माफी मागायची असं ठरवलं होतं, म्हणजे वाक्य तयार केलं होतं. आषाढ लागण्याआधीची शेवटची लग्नं चालली होती आणि शेजारच्या घरी त्या संध्याकाळी हळद होती. ओटीवर जाळं पसरलेलं. तिची मावशी भिंतीला टेकून पान जुळवत बसली होती, ताई सुपात तांदूळ निवडत होती.

"मावशे, ही माझ्या क्लासमधली," ती म्हणाली.

"ये गो, बस," मावशी म्हणाली. "तू पन गातस?"

मी मान हलवली, तिचा अर्थ हो की नाही ते मलाच ठरवता आलं नाही. ताईने सुपातून वर बघितलं नाही. तिचं ठरलं होतं, दिवाळीनंतर लग्न, मुलगा बंदरावर कामाला. तोवर ती मावशीबरोबर हळदींना जाणार होती. "तिथे वही लागत नाही," ती म्हणाली.

मी माझं वाक्य शोधत होते. ते मला सापडणार नाही हे तिला माझ्याआधी कळलं असावं. तिने सूप खाली ठेवलं.

"ती तान म्हण," ती म्हणाली. "दुर्गाची पाचवी. पूर्ण म्हण. सोळा स्वरांची."

"इथे?"

"मग कुठे? इथे ना बाई आहेत, ना परीक्षक. तुला तर माहीतच आहे. म्हण."

मावशी पानाला चुना लावायची थांबली. मी सूर धरला. मला सोळाच्या सोळा स्वर डोळ्यांसमोर दिसत होते, चौकोनात एकेक. सारेमप. रेमपध. मप, आणि माझा गळा त्या पायरीशी गेला आणि परत फिरला. धपमरे. रे लांबला. लांबवायला मी सांगितलं नव्हतं, तो आपोआप लांबला, मात्राभर, अगदी बाईंच्या क्लाससारखा. मी थांबले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथूनच परत. दर गुरुवारी मनात हसत हसत मी ती तान किती वेळा म्हटली होती, ते गळ्याने नीट लक्षात ठेवलं होतं.

तिसऱ्यांदा मी सुरू केलं नाही.

ताई हसली. क्लासमध्ये तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग सूप पुन्हा मांडीवर घेऊन, तांदळातला एक खडा चिमटीत धरून तिने ती तान म्हटली. सोळा स्वर, वरचा सा स्वच्छ, बरोबर तिथे जिथे तो हवा. चौपटीत. खडा अंगणात टाकला.

"कोनाकडं शिकतस गो तू?" मावशीने मला विचारलं.

मी बाईंचं नाव सांगितलं.

"किती वर्सां?"

"तीन."

मावशीने "बरं" म्हटलं, पान तोंडात टाकलं, आणि ताईला म्हणाली, "उठ आता, हलद लागंल."